सतरा चिंचांचा ठराव

"मॅडम, ह्याच्यावर काय लिहिलंय, तेवढं वाचून सांगा."

कौसाबाई प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. आत दुसऱ्या वर्षाच्या मुली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या आणि मी एकीच्या काचपट्टीवर पाण्याचा थेंब सोडत होते. शिपाई तिच्या मागून "अहो बाई, तास चालू आहे" असं ओरडत आला होता, पण तिनं त्याच्याकडं वळूनही पाहिलं नाही. तिच्या हातातला कागद कडांना फाटलेला होता. मागच्या बाजूला वाळलेली खळ होती आणि खळीला झाडाच्या सालीच्या खपल्या चिकटल्या होत्या.

आमच्या गावच्या बाजारमैदानात तेव्हा चिंचेची सतरा झाडं होती. निजामाच्या काळात कुण्या तहसीलदारानं लावलेली, असं लोक सांगत. दर रविवारी त्यांच्या सावलीत भाजीवाल्या बायकांचा बाजार बसायचा. आमच्याकडचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना ती सावली म्हणजे काय हे सांगायला नको. चिंचा उतरवण्याचा लिलाव नगरपालिका दरवर्षी करायची आणि बारा वर्षं तो कौसाबाईच घेत होती. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. मुलींना घेऊन मी मैदानात जायचे, तेव्हा कोणत्या झाडाला फूल आधी येतं आणि कोणतं झाड एक वर्षाआड फळतं, हे ती मला सांगायची. मी ते वहीत लिहून घ्यायचे. आमची ओळख एवढीच, पण पक्की होती.

"कुठं सापडला हा?" मी विचारलं.

"मुतारीच्या मागं. भिंत अन् झाड ह्यांच्या मधी हातभर फट हाय बघा, तिथं झाडाला चिकटवला होता. माझं करडू शिरलं आत, त्याला वढायला गेले तर दिसला. नगरपालिकेचा शिक्का हाय म्हणून घेऊन आले."

मी कागद घेतला. वर 'जाहीर नोटीस' असं लिहिलं होतं. मी मोठ्यानं वाचायला लागले. बाजारमैदानातील चिंचेची सतरा झाडे आतून पोकळ झालेली असून जीवितास व मालमत्तेस धोकादायक आहेत, सबब ती तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाच्या सभेत ठराव क्रमांक चौदा अन्वये सर्वानुमते मंजुरी देण्यात आली आहे, कोणाची हरकत असल्यास सात दिवसांचे आत लेखी कळवावी.

"सतरा?" कौसाबाई म्हणाली. "सगळीच्या सगळी?"

"हो."

"पोकळ कोण म्हणलं त्यास्नी?"

ते नोटिशीत लिहिलेलं होतं. मधलं एक वाक्य मी वाचता वाचता गाळलं होतं. ते असं होतं: 'तज्ज्ञ सदस्य प्रा. इंदुमती खरमाटे यांनी प्रत्यक्ष पाहणी करून दिलेल्या अभिप्रायानुसार'.

इंदुमती खरमाटे म्हणजे मी.

"बघते मी," एवढंच मी म्हणाले. "आजचा कितवा दिवस आहे... पाचवा. अजून दोन दिवस आहेत. तुम्ही काळजी करू नका."

ही गोष्ट दोन हजार आठ सालच्या मार्चमधली. त्याच्या दीड वर्ष आधी नगरपालिकेनं मला पत्र पाठवून वृक्ष प्राधिकरणावर घेतलं होतं. शहरातल्या झाडांसाठी आपल्याकडं कायदा आहे. प्रत्येक नगरपालिकेनं असं प्राधिकरण नेमायचं, त्यावर नगरसेवकांबरोबर बाहेरचे जाणकारही घ्यायचे. झाड तोडायचं तर आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, झाडाच्या दर्शनी भागावर नोटीस लावायची, लोकांच्या हरकती घ्यायच्या, आणि मंजुरी मिळाल्यावरसुद्धा पंधरा दिवस कुऱ्हाड लावायची नाही. झाडाला स्वतःची बाजू मांडता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी बोलावं यासाठी एवढी सगळी व्यवस्था. मी वर्गात हे शिकवायचे. त्या पत्राची मी चौकट करून घरात लावली नाही एवढंच, बाकी अभिमान तेवढाच होता.

दीड वर्षात मला सभेचं बोलावणं एकदाही आलं नव्हतं. आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच मी नगरपालिकेत गेले. वृक्ष अधिकारी बिडवे टेबलावर वर्तमानपत्र पसरून डबा उघडत होते. गोलसर चेहऱ्याचे, बोलायला अतिशय मऊ. आदल्या दिवशी कौसाबाईला कागद परत देण्याआधी काढून घेतलेली नोटिशीची झेरॉक्स मी त्यांच्यासमोर ठेवली.

"ही कुठली पाहणी? मी कधी केली?"

"बसा ना मॅडम. चहा सांगतो."

"चहा नको. माझ्या नावानं हा अभिप्राय कुणी दिला?"

बिडव्यांनी डबा झाकला. कपाटातून हजेरीचं आणि इतिवृत्ताचं एकच जाड रजिस्टर काढलं, पान शोधलं आणि माझ्याकडं वळवलं. ठराव क्रमांक चौदा. संगणकावर टाइप केलेला मजकूर पानाच्या वरच्या भागात चिकटवलेला होता आणि खाली सात सह्या होत्या. पाचवी माझी होती.

माझीच होती. 'ख' ची गाठ मी वेगळीच बांधते, शाळेपासून. ती तशीच होती.

"आता आठवेल तुम्हाला," बिडवे म्हणाले. "जूनमध्ये कॉलेजच्या मैदानावर वृक्षारोपण नव्हतं का? नगराध्यक्ष आले होते. तुम्हाला पुढचा तास होता, घाईत होतात. मी रजिस्टर पुढं केलं, तर तुम्हीच म्हणालात, कुठं करू सही, लवकर सांगा."

आठवलं. चिखल होता, माझ्या एका हातात रोपाची पिशवी होती, मी रजिस्टर गुडघ्यावर टेकवून सही केली होती. पान कोरं होतं. ते मला दिसलं होतं. हजेरीचं असेल असं वाटलं होतं, म्हणजे खरं तर काहीच वाटलं नव्हतं.

"ते पान कोरं होतं बिडवेसाहेब."

"हळू बोला मॅडम." त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "कोऱ्या पानावर सही केली असं तुम्ही लिहून देणार का? जरूर द्या. पण पहिली चौकशी तुमचीच लागेल. तुमच्या संस्थेचे अध्यक्ष आणि आपले नगराध्यक्ष एकाच पंगतीत बसणारे. त्यांना हे कळलं की काय होईल, मी सांगायला पाहिजे का? त्यापेक्षा एक करा. झाडं जुनी आहेत, एखादं पोकळ असेलच की. तुम्ही म्हणाल तेवढी नवी रोपं लावू. तुमच्या हस्ते."

मला त्यांच्या टेबलावरची शाईची बाटली उचलून त्या रजिस्टरवर ओतावीशी वाटली. मी उठले, बाहेरच्या बाकावर बसले आणि तिथंच हरकतीचा अर्ज लिहिला. नोटीस दर्शनी भागावर लावलेली नाही. जाहिरात कोणत्याही खपाच्या वर्तमानपत्रात आलेली नाही. झाडांची शास्त्रीय पाहणी झालेली नाही. तीन कलमं, तिन्ही खरी. चौथं कलम लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. सहीबद्दल मी काही लिहिलं नाही.

आवक खिडकीवरच्या कारकुनानं शिक्का मारून पोच दिली. सुनावणी शुक्रवारी अकराला, असं तोंडीच सांगितलं.

फाटकाशी कौसाबाई उभी होती. तिच्याबरोबर तिची सून मंगल आणि आणखी चार-पाच भाजीवाल्या. कौसाबाईचा चेहरा कालच्यासारखा नव्हता.

"पानपट्टीवाल्या मुनीरकडून पुन्यांदा वाचून घेतलं मी," ती म्हणाली. "त्यात तुमचं नाव हाय म्हणतो तो. तुम्हीच झाडं पोकळ हाईत म्हणून सांगितलं, असं लिहिलंय."

मी हातातली पोच घडी घालून पिशवीत ठेवली.

"काल तुम्ही ते वाचलं न्हाई."

"कौसाबाई, मी असं काहीही सांगितलेलं नाही. मी पाहणी केलेलीच नाही."

"मग तुमचं नाव कसं आलं? आत सही बी हाय म्हणायलेत. तुमची हाय का सही?"

पाच-सहा बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांच्यातल्या दोघींच्या मुली माझ्या वर्गात होत्या.

"नाही," मी म्हणाले. "खोटी आहे."

कौसाबाईनं मोठा श्वास सोडला. "मला वाटलंच होतं. मी म्हणलं ह्या पोरींना, मॅडम तसल्या न्हाईत." तिनं माझा हात धरला. चिंचेच्या डागांनी काळी पडलेली, खरखरीत बोटं होती तिची. "आता काय करायचं ते सांगा. माझं म्हणणं असं हाय, पाळ्या लावून आम्ही झाडाखालीच बसतो. रात्रंदिवस. बघू कोण कुऱ्हाड लावतंय."

"तशी गरज नाही," मी म्हणाले. बोलताना मला माझाच आवाज फार खंबीर वाटला. खोटं बोलून झाल्यावर येतो तसा. "हरकत दाखल झाली आहे. सुनावणी होईपर्यंत कायद्यानं कुणाला झाडाला हात लावता येत नाही. उगीच मैदानात बसलात तर तेच पोलीस बोलावतील आणि गोंधळ घातला म्हणतील. त्यापेक्षा शुक्रवारी सगळ्याजणी सुनावणीला या. जितक्या जास्त याल तितकं चांगलं. नोंद होईल."

"कायदा आपल्या बाजूनं हाय म्हणता?"

"पूर्णपणे."

"मग येतो सगळ्याच," ती म्हणाली.

बुधवारी आणि गुरुवारी कॉलेज सुटल्यावर मी मैदानात गेले. लाकडी हातोडीनं एकेक खोड ठोकून पाहिलं, घेर मोजला, बुंध्याशी बुरशी आहे का ते बघितलं. कौसाबाई माझ्यामागून टेप धरून चालत होती. झाडांवर चिंचा लगडल्या होत्या, आठवडाभरात उतरवायला आल्या असत्या. सतरांपैकी सोळा झाडं ठणठणीत होती. नवव्या झाडात ढोली होती.

"हे पोकळ आहे," मी म्हणाले. "हे खरं ते लिहावं लागेल."

"लिहा की," कौसाबाई म्हणाली. "खरं हाय ते लिहाच. त्या ढोलीत पिंगळा राहतो जोडीनं. ते बी लिहा."

त्या दोन दिवसांत तिला खरं सांगायला मला किमान वीस वेळा सवड मिळाली. एकदा आम्ही दोघी बुंध्याशी बसून तिच्या डब्यातली भाकरी खात होतो. जवळपास कुणीही नव्हतं. मी म्हणाले, "कौसाबाई," आणि ती म्हणाली, "काय?" आणि मी म्हणाले, "ठेचा तिखट आहे."

शुक्रवारी नगरपालिकेचं सभागृह भरून गेलं. साठ-सत्तर बायका होत्या. कौसाबाईनं घरोघर जाऊन त्यांना आणलं होतं. खुर्च्या पुरल्या नाहीत तेव्हा त्या खाली बसल्या. भाजीवाल्या, बांगड्या विकणाऱ्या, मडकी घेऊन बसणाऱ्या. ज्या एरवी दुपारभर मैदानात कुठं ना कुठं असायच्या, त्या सगळ्या आल्या होत्या.

मुख्याधिकारी जाधवर तरुण होते, परीक्षा देऊन थेट आलेले. समोर फाइल होती. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"वृक्ष अधिकारी कुठं आहेत?" मी विचारलं.

"साइटवर आहेत," कारकून म्हणाला.

कुठल्या साइटवर, हे मी विचारलं नाही. मला ते बरंच वाटलं. बिडवे समोर नसतील तर रजिस्टरही निघणार नाही, असं मनात आलं.

मी माझी तीन कलमं वाचली. पाहणीचा अहवाल दिला. जाधवरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "मॅडम, हे सगळं ठीक आहे. पण हा ठराव तुमच्याच अभिप्रायावर झालेला आहे. तुम्हीच मंजूर केलेल्या ठरावावर तुम्हीच हरकत घेता, हे कसं?"

मी तोंड उघडायच्या आत कौसाबाई उठली.

"साहेब, ती सही मॅडमची न्हाई! खोटी हाय ती. तुमच्या माणसानं केलीय. मी माझ्या लेकराची आण घेऊन सांगते, मॅडमनी सही केलेली न्हाई. लिहून घ्या माझं नाव. कौसाबाई भानुदास शिरसाट. म्हणाल त्याच्यापुढं सांगते."

मागून बायका ओरडल्या, "खोटी हाय! खोटी हाय!"

जाधवरांनी कारकुनाला खूण केली. त्यानं टेबलाखालून ते जाड रजिस्टर काढलं. पान उघडून माझ्यासमोर ठेवलं, आणि शेजारी माझा मंगळवारचा हरकतीचा अर्ज, माझ्या सहीचा. दोन्ही सह्या एकमेकींशेजारी.

"ही सही तुमची आहे का मॅडम?"

कौसाबाई अजून उभीच होती, पदर खोचलेला, हात वर. ती माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती.

मी रजिस्टर स्वतःकडं ओढलं.

"सही माझी आहे," मी म्हणाले.

कौसाबाईचा हात खाली आला.

"सही माझी आहे, पण ठराव माझा नाही. ते पान कोरं होतं. जूनमध्ये वृक्षारोपणाच्या दिवशी माझ्याकडून कोऱ्या पानावर सही घेतली आणि नंतर त्यावर हा मजकूर चिकटवला. चिकटवलेला आहे, बघा. खळ दिसते आहे. मी कधीच पाहणी केली नव्हती. हा अभिप्राय बनावट आहे."

जाधवरांनी कारकुनाला सांगितलं, "लिहा. सदस्यांनी सही स्वतःची असल्याचे मान्य केले."

कारकुनानं लिहिलं आणि पेन ठेवलं.

"पुढचं?" मी म्हणाले. "पुढचं लिहा ना. पान कोरं होतं, ते लिहा."

"तो तुमचा आरोप झाला मॅडम. त्याला पुरावा लागेल. मान्य केलेली गोष्ट नोंदवली जाते."

मग माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. खोटं बोललेलं तुमच्याकडं खरं म्हणून नोंदलं जातं आणि खरं बोललं की पुरावा लागतो, असं काहीतरी ओरडले. मुतारीच्या भिंतीकडं तोंड करून नोटीस लावता, तो दर्शनी भाग कुणाचा, डुकरांचा? कायदा झाडं वाचवायला केला होता की तोडायला कागद तयार करता यावेत म्हणून? टेबलावर हात आपटला. सतरा वर्षं शिकवत होते, कधी विद्यार्थ्यावरही आवाज चढवला नव्हता. आणि खरं सांगते, त्या संतापातला निम्मा जाधवरांवर नव्हताच.

"या इतिवृत्तावर मी सही करणार नाही," मी म्हणाले. कारकुनाच्या पुढ्यातला कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं सगळं लिहिलं, कोणत्या दिवशी, कुठं, कुणी रजिस्टर पुढं केलं, पान कसं होतं. शेवटी उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारली, म्हणजे खाली कुणाला काही वाढवता येऊ नये. पोच घेतल्याशिवाय हलणार नाही, म्हणाले.

कारकून शिक्का शोधत असताना मंगलचा मोबाइल वाजला.

तिनं ऐकलं आणि ती किंचाळली, "आत्याबाई, झाडं तोडायलेत!"

मैदान तिथून दीड किलोमीटर. साठ-सत्तर बायका रस्त्यानं धावत सुटल्या. पोच हातात पडताच मी साडी वर धरून त्यांच्यामागं. बाजारपेठेतून वळलो तेव्हाच यंत्राच्या करवतीचा आवाज यायला लागला.

सहा झाडं आडवी झाली होती. तीन करवती, एक जेसीबी, वीसेक मजूर, दोन पोलीस. पडलेल्या फांद्यांवर पिकल्या चिंचा तशाच होत्या, जमिनीवर त्यांचा खच पडला होता आणि जेसीबीच्या चाकांखाली त्यांचा चिखल झाला होता. बिडवे छत्री धरून उभे होते. नववं झाड अजून उभं होतं. पोकळ म्हणून जे पहिलं तोडायला हवं होतं, ते उभं होतं. कडेची, रस्त्यालगतची, जिथं नगरपालिकेला दुकानांचे गाळे काढायचे होते तिथली झाडं आधी गेली होती.

"धोकादायक झाडांना पंधरा दिवसांची अट नाही मॅडम," मला बघून बिडवे म्हणाले. हातातला कागद दाखवला. "तातडीचा आदेश आहे. सकाळीच काढला. तुमच्याच अभिप्रायावर."

बायकांनी त्यांचं ऐकलं नाही. त्या सरळ आत शिरल्या आणि उरलेल्या अकरा झाडांच्या बुंध्यांना चिकटून बसल्या, एकेका झाडाला पाच-पाच, सहा-सहा. करवतवाल्यानं यंत्र बंद केलं. तो म्हणाला, "आपल्याला नको बाबा," आणि बाजूला जाऊन बसला. पोलीस एकमेकांकडं बघत राहिले. बिडवे फोन लावत फिरत होते. तासाभरानं जेसीबी निघून गेला.

कौसाबाई झाडाखाली बसली नव्हती. ती पडलेल्या पहिल्या झाडाजवळ उभी होती, रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या. त्या झाडाला फूल सगळ्यात आधी यायचं.

मी तिच्याजवळ गेले.

"कौसाबाई..."

"मी बसणार होते हितं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मंगळवारीच म्हणलं होतं. पाळ्या लावून बसू म्हणलं होतं. तुम्ही म्हणलात, सगळ्याजणी या. एकीला बी मागं ठेवली न्हाई मी. लेकुरवाळ्या बायांना वढून आणलं." ती माझ्याकडं वळली. "सही तुमची हाय हे तुम्ही मला तवाच सांगितलं असतं, तर मी तुमचं ऐकलं असतं का? न्हाई ऐकलं असतं. हितंच बसले असते."

ती वळली आणि उभ्या असलेल्या झाडांकडं चालत गेली.

चौकशीचं काय झालं ते सांगते. मी लिहून दिलेला कागद आणि त्याची पोच, एवढ्या दोन गोष्टी नसत्या तर चौकशी लागलीच नसती. बायकांनी जिल्हाधिकारी कार्यालयासमोर तीन दिवस ठिय्या दिला, तेव्हा ती लागली. ठराव रद्द झाला. अकरा झाडं राहिली, आजही आहेत. सहा झाडांच्या जागी तीन वर्षांत दुकानांचे गाळे उभे राहिले. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात नवी लावायची म्हणून नगरपालिकेनं सहा पिंजरे लावले, त्यातलं एकही रोप पावसाळ्यापलीकडं टिकलं नाही. बिडव्यांना ताकीद मिळाली, बदली झाली आणि दोन वर्षांनी बढती घेऊन ते परत आले. जाधवर कुठल्याशा मोठ्या शहरात गेले. शिक्षा म्हणावी अशी एकच झाली: 'कर्तव्यात अक्षम्य निष्काळजीपणा' असं लिहून मला वृक्ष प्राधिकरणावरून काढण्यात आलं. ती एवढी एक शिक्षा मात्र योग्य होती. पण फक्त तीच झाली, ह्याचा राग सोळा वर्षांनंतरही गेलेला नाही. ज्यानं निष्काळजीपणा केला त्याला पकडलं, ज्यांनी काळजीपूर्वक, एकेक कागद जुळवून, बायकांना सभागृहात बसवून झाडं कापली, त्यांना कुणी काही केलं नाही.

पण मला सांगायचं होतं ते चौकशीतल्या एका दुपारबद्दल.

चौकशी करणाऱ्या उपजिल्हाधिकारी वयस्क बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या. माझा जबाब झाला होता. कोऱ्या पानाचं सगळं मी सांगितलं होतं. मंगळवारी फाटकाशी मी कौसाबाईला काय उत्तर दिलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग कौसाबाईला आत बोलावलं. त्या शुक्रवारी मैदानात बोलली त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. रस्त्यात दिसली तर पलीकडून जायची.

उपजिल्हाधिकाऱ्यांनी तिला झाडांबद्दल विचारलं, करवती किती होत्या, बिडवे कुठं उभे होते. तिनं सगळं नीट सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "सुनावणीत तुम्ही शपथेवर सांगितलं की सही खोटी आहे. ते चुकीचं निघालं. मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास का ठेवायचा? सही खोटी आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

बिडव्यांचा वकील पुढं सरसावून बसला. याच उत्तरासाठी तो थांबला होता. 'मला तसं वाटलं' असं ती म्हणाली असती तरी चाललं असतं. माझं नाव वाचलं असतं. तिची साक्ष गेली असती, बस.

कौसाबाईनं माझ्याकडं पाहिलं. बऱ्याच दिवसांनी सरळ पाहिलं.

"मॅडमनी सांगितलं," ती म्हणाली. "मी विचारलं, तुमची सही हाय का, तर न्हाई म्हणल्या. खोटं बोलल्या. भ्यायल्या व्हत्या. पुढं सगळ्यांसमोर खरं बोलल्या, ते बी खरं हाय. तुम्ही दोन्ही लिहा बाई. आधीचं लिहिलं न्हाई तर नंतरचं कुणी खरं धरणार न्हाई."

उपजिल्हाधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "प्राध्यापक बाई, हे बरोबर आहे? तुम्ही यांना खोटं सांगितलं होतं?"

वकील, कारकून, बिडवे, दारात उभ्या असलेल्या मंगलसकट सगळे माझ्याकडं बघत होते. माझे प्राचार्यही मागच्या खुर्चीवर होते.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "तिनं सांगितलं तसंच लिहा. एक शब्दही गाळू नका."